ऐंशी जागा आणि बाकीचा वर्ग

हिवाळ्यातल्या एका शनिवारी भोकरदनच्या परीक्षा केंद्राबाहेर सकाळी दहापासूनच मोटारसायकली लागायला सुरुवात होते. वालसावंगी, धावडा, आन्वा, पिंपळगाव रेणुकाई, हसनाबाद. एकेका गाडीवर तिघं : पुढे बाप, मागे आई आणि दोघांच्या मध्ये दहा-अकरा वर्षांचं पोर, छातीशी पॅड धरलेलं. साडेअकराला पेपर सुरू होतो आणि पुढचे दोन तास फाटकाबाहेर कुणी मोठ्यानं बोलत नाही. कुणी राजूरच्या गणपतीला नवस बोललेला असतो. कुणी त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. दीड वाजता पोरं बाहेर येतात आणि प्रत्येक बाप एकच प्रश्न विचारतो, ‘किती सोडवले?’

ही नवोदयची परीक्षा. ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यातले चाळीस प्रश्न बुद्धिमत्तेचे, वीस गणिताचे, वीस भाषेचे. जालना जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय अंबडला आहे, भोकरदनच्या दृष्टीनं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे सहावीच्या वर्गात ऐंशी जागा असतात. जिल्ह्यात आठ तालुके. म्हणजे सरासरीनं तालुक्याच्या वाट्याला दहा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. त्यावरून ढोबळ हिशेब केला तर एका वयाची मुलं पस्तीस-चाळीस हजार निघतात. हजारात दोन. या हजारातल्या दोघांसाठी सरकारनं उभी केलेली शाळा बाकीच्या नऊशे अठ्ठ्याण्णव मुलांच्या दृष्टीनं न्यायाची आहे का, हा माझा प्रश्न आहे. तो मी बाहेरून विचारत नाही. याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्य काढलं आणि त्यातली कितीतरी वर्षं पाचवीच्या मुलांना नवोदयची तयारी करून घेण्यात गेली.

आधी त्या शाळेच्या बाजूनं जे बोलायला हवं ते बोलतो, कारण ते खरं आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयं देशभर उभी राहिली. त्याआधी प्रयोग म्हणून ज्या दोन शाळा सुरू झाल्या त्यांतली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला होती. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून महिन्याला काही विकास निधी घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय सामाजिक आरक्षण. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. ज्या बापानं संभाजीनगरच्या पलीकडे कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याचा मुलगा उत्तर भारतात एक वर्ष राहून हिंदीत भांडायला शिकून येतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हे दुसऱ्या कुठल्या वाटेनं येणार होतं? माझ्या हातून गेलेली मुलं आज डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, एक फौजेत आहे. त्यांच्यापैकी एकाच्याही जागेबद्दल माझ्या मनात किंतु नाही. ती जागा त्यांनी कमावली.

माझी अडचण ‘कमावली’ या शब्दापाशीच सुरू होते. दहाव्या वर्षी मूल काय कमावतं आणि त्याच्यासाठी घर काय कमावून ठेवतं, यातली रेघ परीक्षेला दिसत नाही.

बुद्धिमत्तेचे प्रश्न आकृत्यांचे असतात : आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली भोकं, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती. चित्र सगळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून शब्दांपेक्षा चित्रांवर भर दिला की गरिबाघरच्या मुलाचं नुकसान होणार नाही, असं वरवर वाटतं. पण शिकवणाऱ्याला ठाऊक असतं की सरावानं सगळ्यात लवकर वाढणारे गुण याच प्रश्नांचे. ज्या मुलानं पाचशे आकृत्या सोडवल्या आहेत ते पाचशे एकावी पाहताक्षणी सोडवतं. ज्यानं पहिल्यांदाच पाहिली ते हुशार असलं तरी अडखळतं, आणि दोन तासांत ऐंशी प्रश्न म्हटल्यावर एका प्रश्नाला दीडच मिनिट येतं. म्हणून तालुक्याच्या गावी नवोदयचे क्लास निघाले, निवासी सराववर्ग निघाले, जाडजूड प्रश्नसंच निघाले. ज्याला ते परवडतं त्याचं पोर तयार होऊन बसतं. आणि परीक्षा एकदाच देता येते. दुसरी संधी नाही. त्या आठवड्यात ताप आला, तर आला.

‘ग्रामीण’ म्हणजे कोण, हेही पाहावं लागतं. नियमानुसार तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेलं मूल ग्रामीण. त्यात शाळा कुठे आहे ते पाहतात, घरात काय आहे ते पाहत नाहीत. भोकरदनला आता नगरपरिषद आहे. गावाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या हमालाची मुलगी गावातल्या शाळेत शिकली की कागदावर शहरी ठरते आणि उरलेल्या खुल्या जागांसाठी लढते. दहा किलोमीटरवरच्या खेड्यात घर, शेती, दुकान आणि नोकरी असलेल्या माणसाचा मुलगा मात्र ग्रामीण. आम्हा शिक्षकांची मुलंही ग्रामीण. ती हुशार असतात यात शंका नाही. पण ज्या घरात आई-बाप दोघंही रोज संध्याकाळी मुलाचं गणित तपासू शकतात त्या घराला सरकारच्या मोफत वसतिगृहाची गरज किती आणि ज्या घरात दिवाळीनंतर कुणी उरतच नाही त्या घराला किती?

दिवाळीनंतर कुणी उरत नाही, हे मी आठवून लिहितो आहे. माझ्या शेवटच्या काही वर्षांतला एक वर्ग होता, पाचवीचा, चौतीस मुलांचा. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष माझा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांतली सहा मुलं निवडली आणि टाचणवहीच्या पहिल्याच पानावर त्यांची नावं लिहिली : नवोदय गट. त्यांच्यासाठी शाळेच्या आधी एक तास आणि सुटल्यावर एक तास. मधल्या वेळेतही माझं लक्ष त्यांच्याकडेच. बाकीच्या अठ्ठावीस जणांना मी काय दिलं? ‘पाढे लिहा.’ ‘धडा उतरवून काढा.’ ‘गडबड करू नका, तिकडे अभ्यास चाललाय.’ कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. पण गावानं शाळेला एकच प्रश्न विचारायचा ठरवला होता : यंदा नवोदयला किती लागले? केंद्रप्रमुखांची बैठक असो की गावातला पार, मोजमाप तेच. ज्या प्रश्नावर माझी किंमत ठरत होती त्याचं उत्तर मी तयार करत होतो.

त्या वर्षी एका मुलाचा नंबर लागला. ग्रामपंचायतीसमोर फलक लागला, शाल-श्रीफळ झालं, माझाही सत्कार झाला. समोर सतरंजीवर तोच वर्ग टाळ्या वाजवायला बसवला होता. त्यात एक मुलगी होती. तिचे आईबाप उसाच्या फडावर जायचे, नोव्हेंबर ते मार्च ती आजीपाशी राहायची आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. पाचवी संपत आली तरी तिला सलग वाचता येत नव्हतं. तोंडी गणितात मात्र ती माझ्या सहा जणांतल्या चौघांच्या पुढे होती. आठवडी बाजारात आजीसोबत मिरची विकून आलेलं डोकं होतं ते. हे मला जानेवारीत कळलं, जेव्हा एकदा फळ्यावरचा हिशेब तिनं बसल्या जागेवरून तोंडानं सांगितला. जूनमध्ये निवड करताना मी तिचा विचारही केला नव्हता, कारण वाचन येत नव्हतं. परीक्षेनं तिला नाकारलं, असं मी म्हणू शकत नाही. ती परीक्षेपर्यंत पोचलीच नाही. चाळणी लावली होती मी.

निवडक शाळांचा विचार करताना आपण नेहमी फाटकातून आत गेलेल्यांकडे पाहतो. कोण गेलं, लायक होतं का, आरक्षण किती, पेपर फुटला का. त्या चाळणीमुळे बाहेरच्या वर्गात काय बदलतं, हे मोजायला कुणी बसत नाही. पहिलं म्हणजे शिक्षकाचं लक्ष जातं, ते वर सांगितलं. दुसरं म्हणजे भांडणारे पालक जातात. गावातल्या शाळेच्या गळक्या छतासाठी पंचायत समितीत जाऊन आवाज चढवण्याची ताकद ज्या दोन-चार घरांत असते, त्या घरांची सगळी धडपड एका परीक्षेवर एकवटते. मूल सुटलं की छत गळतच राहतं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. ज्याचा नंबर लागला नाही त्या दहा वर्षांच्या मुलाला निकालानं एक उत्तर मिळतं आणि ते त्याला खरं वाटतं. चांगली शाळा असते, ती सरकार फुकट देतं, पण ती माझ्यासाठी नाही, कारण मी कमी पडलो. सरकार कमी पडलं, असं त्याला कोण सांगणार? त्याचा बापही घरी जाताना गाडीवर हेच बोलत असतो.

यात कायद्याची एक विसंगती आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळाप्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला मनाई केली. निवड करायचीच असेल तर ती सोडतीसारख्या यादृच्छिक पद्धतीनं व्हावी, असं कायद्याचं म्हणणं. म्हणूनच खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांसाठी सोडत निघते. पण त्याच कायद्यात केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सैनिकी शाळा यांचा वेगळा प्रवर्ग नोंदवलेला आहे आणि नवोदयची परीक्षा कायदा आल्यानंतरही चालूच राहिली. खासगी संस्थाचालकाला सरकार सांगतं की मुलं निवडू नकोस, आणि आपल्या सर्वांत चांगल्या शाळेत स्वतः मुलं निवडतं.

हा झगडा जुना आहे आणि महाराष्ट्राला तो शिकवायची गरज नव्हती. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचा गाभा हाच होता. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या साऱ्यानं भरते आणि खर्च मात्र वरच्या थराच्या शिक्षणावर होतो. वर ओतलेलं खाली झिरपेल, या भरवशावर बहुजनांच्या प्राथमिक शाळा उपाशी ठेवल्या जातात. फुल्यांच्या काळात ही वरची पायरी जातीची आणि पैशाची होती. आज तिच्यावर गुणवत्तेचं नाव आहे आणि तिथे आरक्षणही आहे, हा फरक लहान नाही. फुल्यांना तो मोलाचा वाटला असता असं मी मानतो. पण झिरपण्याचा भरवसा तोच राहिला. 1986 च्या धोरणात या शाळांना गती देणाऱ्या शाळा म्हटलं होतं. त्यांनी भोवतालच्या शाळांना पुढे न्यावं, अशी कल्पना होती. आमच्या वर्गापर्यंत त्या कल्पनेतला जो भाग पोचला तो म्हणजे मागच्या वर्षांचे प्रश्नसंच.

त्याच धोरणात, थोडं आधीच्या पानांवर, समान शाळा पद्धतीकडे जाण्याचं आश्वासनही होतं. ते कोठारी आयोगाकडून आलेलं. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. परिसरातली सगळी मुलं एकाच शाळेत यावीत, तहसीलदाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एका बाकावर बसला तरच त्या शाळेचं छत दुरुस्त होईल, असा त्या शिफारशीचा रोख होता (शब्द माझे आहेत). 1968 च्या धोरणानं ती मान्य केली, 1986 च्या धोरणानं पुन्हा उच्चारली, आणि उभ्या राहिल्या त्या नवोदय शाळा. 1990 मध्ये आचार्य राममूर्ती समितीनं या शाळांबद्दल परखड प्रश्न विचारले, पण गाडी पुढे निघून गेली होती. सगळ्या शाळा सुधारणं कठीण असतं आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही. एक शाळा उत्तम करून दाखवणं सोपं असतं आणि तिच्या फाटकावर नाव कोरता येतं. 2022 ची पीएम श्री योजना याच सवयीतली आहे. तिथे मुलांऐवजी शाळा निवडतात, साडेचौदा हजारांच्या आसपास, आणि उरलेल्या लाखो शाळांनी त्यांच्याकडे पाहून शिकायचं.

माझ्या या म्हणण्यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते हलकं नाही. माझाच एक जुना विद्यार्थी, नवोदयात शिकलेला, मला म्हणाला, ‘सर, माझ्या बापाकडे दोन एकर होतं. नवोदय नसती तर मी आज कुठे असतो? पैसेवाल्यांची पोरं तेव्हाही संभाजीनगरला नाहीतर लातूरला गेलीच असती. दार बंद केलं तर अडकणार माझ्यासारखेच.’ मी त्याला काही बोलू शकलो नाही. त्याचं बरोबर आहे. नवोदय बंद करून भोकरदनच्या एकाही शाळेत एक शिक्षक वाढणार नाही. पैसा असलेल्याची निवड कायमच चालू असते, ती फीच्या पावतीवर होते आणि तिला कुणी चाळणी म्हणत नाही. गरिबाघरच्या हुशार मुलाची एकुलती एक वाट न्यायाच्या नावाखाली बुजवायची, हा न्याय माझ्या पचनी पडत नाही.

इंग्लंडात ही चर्चा आपल्याआधी होऊन गेली. 1944 च्या कायद्यानंतर तिथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी होऊ लागली. उत्तीर्ण झालेली ग्रामर स्कूलमध्ये, बाकीची बहुतेक दुय्यम समजल्या जाणाऱ्या शाळांत. ग्रामर स्कूलनं कामगारांची मुलं विद्यापीठात पोचवली, हे तिच्या चाहत्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसऱ्या शाळांत गेलेल्या बहुसंख्य मुलांच्या आयुष्यावर अकराव्या वर्षीच शिक्का बसला. 1965 मध्ये सरकारनं स्थानिक अधिकाऱ्यांना सर्वांसाठी एकच शाळा करायला सांगितलं. तरीही इंग्लंडात आज 163 ग्रामर स्कूल उरल्या आहेत, आणि जिथे त्या आहेत तिथे शिकवण्यांचा धंदाही आहे. फिनलंडनं सत्तरच्या दशकात दुसरी वाट धरली. मुलांची लवकर विभागणी थांबवून नऊ वर्षांची एकच सामाईक शाळा केली. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : ही सुधारणा 1972 मध्ये उत्तरेकडच्या विरळ, मागे पडलेल्या भागापासून सुरू झाली आणि राजधानी हेलसिंकीपर्यंत 1977 ला पोचली. आपल्याकडे कुठलीही चांगली योजना पुण्या-मुंबईहून निघते आणि भोकरदनला येईपर्यंत तिचा निधी संपलेला असतो. उलट्या दिशेनं चालणारं एखादं सरकार जगात होऊन गेलं, हे कळल्यावर मला कितीतरी दिवस बरं वाटत होतं.

आणि फार लांब जायलाही नको. याच देशात, याच सरकारी पैशातून, निवासी शाळेची दुसरी रीत आहे. 2004 मध्ये सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं. शैक्षणिकदृष्ट्या मागे पडलेल्या तालुक्यांतल्या, शाळा सुटलेल्या, वंचित घरांतल्या मुलींसाठी. तिथे विचारतात : तुला घरी राहून शिकता येत नाही ना? मग ये. नवोदयच्या दारावर विचारतात : तू किती हुशार आहेस? दोन्ही वसतिगृहं, दोन्ही मोफत. पण कस्तुरबाचा खर्च, तिथल्या शिक्षकांचं मानधन आणि पद, तिला मिळणारा मान नवोदयच्या जवळपासही नाही. गरजेसाठी उघडलेलं दार अरुंद आणि गुणांसाठी उघडलेलं दार रुंद, ही मांडणी कुणीतरी केलेली आहे. ती बदलता येते.

नवोदयची जागा वाटताना काय बदलता येईल? माझ्या अनुभवातून सांगतो. परीक्षा ठेवा, पण ती किमान पात्रतेपुरती. वाचता येतं, हिशेब येतो, जायची इच्छा आहे, एवढं कळलं की पुढे सोडत काढा. शंभरात अठ्ठ्याऐंशी आणि नव्वद यांत मुलांचा फरक नसतो, क्लासचा असतो. जागा शाळेच्या पत्त्यावर न वाटता घराच्या अवस्थेवर वाटा. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांचं मूल, एका पालकाचं मूल, शिकणारी पहिली पिढी असलेलं मूल यांना आधी. मुख्याध्यापकाला हे सगळं माहीत असतं, हजेरीपटावरूनच कळतं. सोडतीत नंबर न लागलेलं मूल घरी जाताना ‘मी कमी पडलो’ म्हणणार नाही. ‘माझी चिठ्ठी निघाली नाही’ म्हणेल आणि त्याचा बाप पुढच्या ग्रामसभेत विचारेल की चिठ्ठ्या एवढ्या कमी का.

हा प्रश्न मला हवा आहे. कारण नवोदयनं एक गोष्ट वादातीतपणे सिद्ध करून ठेवली आहे : पोटभर जेवण, प्रत्येक विषयाला शिक्षक, रात्री अभ्यासाला उजेड आणि हाताशी पुस्तकं एवढं दिलं की जालना जिल्ह्यातल्या खेड्यातलं मूल कुणापेक्षा मागे राहत नाही. सरकारला हे करता येत नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. ते चाळीस वर्षं करून दाखवतं आहे, ऐंशी मुलांसाठी. तालुक्यात एक असं वसतिगृह, ज्यात आईबाप फडावर गेले की मूल राहू शकेल. आणि दोन शिक्षकी शाळेत पाच इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाला निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या, माहिती भरण्याच्या कामातून सुटका, म्हणजे त्याला सहाच नावं निवडावी लागणार नाहीत. मागणी एवढ्यापासून सुरू करता येईल.

निवृत्त होताना शाळेची दप्तरं शाळेला दिली. टाचणवह्या माझ्या, त्या घरी आणल्या. गेल्या उन्हाळ्यात ती चौतीस मुलांच्या वर्षाची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर सगळ्यांची नावं आठवून लिहिली. पुढे एकेकाचा पत्ता लिहायला घेतला. सहा जणांचे लगेच लिहून झाले, त्यांचे फोन येतात. बाकीच्यांसाठी गावात हिंडलो, विचारलं. काही शेतात आहेत, तिघंजण जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, दोघी लग्न होऊन सिल्लोडकडे. तोंडी हिशेब करणारी ती मुलगी सातवीतून सुटली आणि आता स्वतःच कोयता घेऊन फडावर जाते, असं तिच्या आजीनं सांगितलं. अकरा नावांपुढची जागा अजून कोरी आहे.